गडूचं धुवण

मोसंबी सडकी निघाली म्हणून भांडण होतं, कडू निघाली म्हणून होतं, वजनात मारली म्हणून तर हाणामारीही होते. ताडकळसच्या आठवडी बाजारात हे तमाशे नवीन नाहीत. पण मोसंबी चांगली निघाली म्हणून कुणी फळवालीच्या अंगावर धावून आलेलं तुम्ही ऐकलंय का कधी? सगुणाबाईनं चाळीस वर्षं पाटी लावली, तिनंही ऐकलं नव्हतं. आणि ते नेमकं तिच्याच वाट्याला आलं.

ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. लिंबाच्या झाडाखाली सगुणाबाईनं मोसंब्या रचून ठेवल्या होत्या, शेजारी कमलबाई आपले पेरू लावत होती. तेवढ्यात दिनकरराव आले. गावचे माजी सरपंच, पण अजूनही नुसते खाकरले तरी ग्रामपंचायतीतली माणसं उठून उभी राहतात. आल्या आल्या त्यांनी खिशातून एक मोसंबी काढली आणि पाटीत आपटली.

“ही वळखतीस का?”

“वळखते की. माझीच हाय,” सगुणाबाई हसून म्हणाली. देठाचा बारीक तुकडा ठेवून कातरीनं फळ तोडायची तिची पद्धत. हजार मोसंब्यांत तिला तिची सापडली असती.

“कवा नेली होती म्या?”

“झाले आसतील तीन बाजार.”

“तीन बाजार! एकवीस दिवस!” दिनकररावांचा आवाज चढला. “त्याच दिवशी दुसऱ्याकडून नेलेली पाचव्या दिवशी हिरवी पडली, सगळी उकिरड्यावर गेली. ही फळीवर नुसती पडून होती. फ्रिजात न्हाई, कुठं न्हाई. बग, डाग तरी हाय का? आता खरं सांग, काय मारतीस ह्याच्यावर?”

सगुणाबाईला वाटलं, थट्टा करायलेत. ती हसतच राहिली. मग तिनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि तिचं हसू गेलं. त्या डोळ्यांत पाणी होतं.

“माझी नात निकिता तीन दिवसांपासून उलट्या करायलीय. सलाईनवर हाय. सात वर्षांचं लेकरू! शक्ती यावी म्हणून तुझ्या मोसंबीचा रस पाजला होता तिला. औषध मारून फळं टिकवतीस आन आमच्या लेकराबाळांच्या पोटात घालतीस व्हय?”

भाव करणारे थांबले. दोन-तीन मोबाईल वर झाले. ज्या बाईनं पिशवी भरून मोसंबी घेतली होती, तिनं एकेक करून सगळी परत पाटीत ठेवली.

“पुढच्या बाजारापर्यंत सांगायचं काय लावतीस ते. सगळ्यांसमोर. न्हाईतर ह्या लिंबाखाली पाटी मांडायची न्हाई, सांगून ठिवतो.”

दिनकरराव गेले. कमलबाईनं सगुणाबाईला दंडाला धरून हलवलं, “अगं बोल की! न्हाई म्हन की तोंडावर!” पण सगुणाबाईच्या तोंडून शब्द फुटेना.

आता यात एक मेख होती. सगुणाबाईनं जन्मात कधी फळावर औषध मारलं नव्हतं. फवाऱ्याचा वास आला तरी तिचं डोकं धरायचं. मग छातीवर हात मारून ‘न्हाई’ म्हणायला काय झालं होतं बाईला? तर ‘काय लावतीस’ असं दिनकररावांनी विचारलं आणि तिची नजर, तिच्याही नकळत, पाटीमागं ठेवलेल्या पांढऱ्या जर्मन धातूच्या गडूवर, तिच्या प्यायच्या तांब्यावर, गेली. औषध नव्हतं लावत. पण लावायचं ते ती लावतच होती. आणि ते सांगण्यापेक्षा जीभ हासडून घेतलेली परवडली, असं तिला वाटत होतं.

सगुणाबाई चुडाव्याची. नवरा आश्रुबा रेल्वेच्या रुळावर गँगमध्ये होता, आता नाही, जाऊन अकरा वर्षं झाली. लग्न होऊन आली तेव्हा सासू बायनाबाई ताडकळसच्या बाजारात पाटी लावायची. तीच पाटी सुनेच्या डोक्यावर आली. पाटीबरोबर दोन वस्तू आल्या. एक हा गडू, आणि दुसरं आंबिलीचं मडकं. ज्वारीचं पीठ भिजवून आंबवायचं, शिजवायचं, निवल्यावर पळीभर कच्चं आंबवण आणि मिठा-ताकाची जोड द्यायची, की झाली आंबील. उन्हाच्या दिवसात तिच्यासारखं दुसरं काही नाही. बायनाबाईची एकच ताकीद होती, मडकं कधी कोरडं करायचं नाही, तळाला जुनं आंबवण राहू द्यायचं, त्यातच नवं पीठ कालवायचं. सगुणाबाईनं ती आजतागायत पाळली. मडकं दोनदा फुटलं, पण तळाचं आंबवण आधी वाटीत काढून मगच नवं मडकं धरलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी ती गडूभर आंबील घेऊन निघायची. लिंबाखाली पाटी उतरवली की आधी गडू तोंडाला लावायचा. रिकामा झाला की त्यात घरून आणलेल्या बाटलीतलं घोटभर पाणी घालायचं, गरागरा फिरवायचं आणि त्या धुवणात फडकं भिजवून मोसंबी पुसायला घ्यायची. फडकं म्हणजे आश्रुबाच्या धोतराचा तुकडा. एकेक मोसंबी उचलायची, देठापासून बुडापर्यंत फडकं फिरवायचं, उन्हाच्या बाजूला ठेवायची. अशी लखलखायची पाटी, की येणारा आधी तिथंच थांबायचा. आणि फळ टिकायचं. इतरांचं आठवड्यात हिरव्या बुरशीनं माखायचं, हिचं तीन-तीन आठवडे राहायचं. लोक म्हणायचे, सगुणाबाईला हातगुण हाय. तीही मान डोलवायची. हातगुणच असणार, दुसरं काय?

पण ते धुवण तिनं कुणाच्या नजरेला पडू दिलं नव्हतं. लोकांकडं पाठ करून, पदराआड ती फडकं भिजवायची. का, ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. उष्टं होतं ना ते! तोंड लावून प्यालेल्या गडूचं उष्टं पाणी. त्यातही कुणाच्या तोंडचं, हे बघणारी माणसं बाजारात कमी नव्हती. कमलबाईचंच घ्या. पाटीला पाटी लावून वीस वर्षं बसलेली, एकमेकींच्या लेकींची बाळंतपणं एकमेकींना तोंडपाठ. पण ‘घे गं घोटभर’ म्हणून सगुणाबाईनं गडू पुढं केला की कमलबाईचं ठरलेलं, “आत्ताच पिले बाई.” आत्ताच! वीस वर्षं ती आत्ताच प्यालेली होती. सगुणाबाईला राग यायचा, गिळायची. मैत्रीण तर तीच एक होती.

तर हे असं होतं. सांगितलं नाही तर लेकरांना विष घालणारी, आणि सांगितलं तर गावाला उष्टं चारणारी. बाई अशी कात्रीत सापडली की नेहमीचीच पाटी त्या दिवशी तिला डोक्यावर जड झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिची नात संघप्रिया परभणीहून धडकली. मुलाची मुलगी, शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला. काढणी झाल्यावर फळं का सडतात, त्यावर तिचा अभ्यास चाललेला. व्हिडिओ तिच्या वसतिगृहापर्यंत पोचला होता.

“आज्जी, तू काय करतेस ते मला सगळं दाखव. तोडण्यापासून पुसण्यापर्यंत. काहीच सोडू नको.”

सगुणाबाईनं दाखवलं. कातर दाखवली, पाटीत खाली घालायचा कडब्याचा पाला दाखवला. धुऊन वाळवलेलं फडकं घेतलं आणि नळाखाली भिजवलं. हो, नळाखाली! नातीसमोर गडू काढायला तिचा हात धजला नाही. नव्या तोडीच्या दहा मोसंब्या तिनं नळाच्या पाण्यानं पुसून दिल्या. कालच्या पाटीतल्या उरलेल्या दहा संघप्रियानं स्वतःच उचलल्या.

फडक्याकडं बघून ती पोरगी मात्र चक्रावली. “एकाच ओल्या फडक्यानं सगळी फळं पुसतेस? अगं, आम्हाला पहिल्या वर्षी हेच शिकवतात, असं करू नका म्हणून. एका फळावरची बुरशी पुसून सगळ्यांना लावणं झालं हे. तुझी मोसंबी तर बाजारात सगळ्यात आधी सडायला पाहिजे!”

“सडत न्हाई पर.”

“तेच तर! का सडत नाही?”

“हातगुण,” सगुणाबाई पुटपुटली आणि चुलीकडं वळली.

“औषधाची तपासणी बाहेर पाठवली तर महिना जाईल,” संघप्रिया म्हणाली. “पण एक करता येतं. सालीवर कुठले बारीक जीव जगतायत ते बघायचं. बुरशी मारायचं औषध असेल तर ते सहसा टिकत नाहीत. जिवंत काही भरपूर सापडलं, तर निदान बोलायला तोंड राहील.”

बाजाराच्या आदल्या दिवशी संघप्रिया परत आली. एका हातात फळांचं खोकं, दुसऱ्या हातात झाकण लावलेल्या दोन काचेच्या ताटल्या. तिनं ओसरीवर सगळं मांडलं आणि आज्जीला समोर बसवलं.

“आज्जी, तू माझ्याशी खोटं बोललीस.”

सगुणाबाई पदराचं टोक चाळवायला लागली.

“ह्या दहा मोसंब्या तू माझ्यासमोर पुसल्या. सगळ्यांना मी सुईनं टोचलं आणि हिरवी बुरशी लावली. बघ.” खोक्यात एका बाजूला दहाच्या दहा फळं हिरव्या भुकटीनं माखून बसली होती. “आणि ह्या बाजारातून परत आलेल्या पाटीतल्या. ह्यांनाही तसंच टोचलं, तीच बुरशी लावली.” दहातली आठ जशीच्या तशी होती, पिवळी, घट्ट. सुईचं छिद्र तेवढं सुकलेलं.

“झाडं तीच, हात तोच, फडकं तेच. मग फरक कुठून आला? आता ह्या ताटल्या बघ. ही तू नळाखाली पुसलेल्या सालीवरून घेतली. जवळजवळ रिकामी. आणि ही बाजारातल्या फळाची.”

दुसऱ्या ताटलीत सायीच्या रंगाचे ठिपके दाटीवाटीनं उठले होते. सगुणाबाईनं वाकून बघितलं आणि झटकन मागं सरली.

“हे काय गं माय?”

“खमीर आहे. पावाच्या पिठात घालतात ना, त्याच्या नात्यातलं. जिवंत आहे.”

“जित्तं?” सगुणाबाईनं दोन्ही हात कानांवर ठेवले. “माझ्या फळावर जित्तं? म्हंजी म्या लोकाला किडे चारले? निकिताला... अगं मंग दिनकरराव खरंच बोलत व्हते की गं!”

“आज्जी, ऐक तरी. किडे नाहीत हे. अपाय करत नाहीत, उलट राखण करतात. बुरशी फळात कुठून शिरते? जिथं खरचटलं, टोचलं, देठाशी चिरलं, तिथून. एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकून सीट कशी धरतात? तसं हे खमीर त्या जखमेत आधी जाऊन बसतं, तिथली साखर खाऊन टाकतं. मागून बुरशी आली की तिला ना जागा, ना खायला. मी वर्षभर झाडांवर, पानांवर, बागांतून असलंच खमीर शोधत हिंडतेय. आणि सापडलं कुठं, तर तुझ्या पाटीत! पण ते नळाच्या पाण्यात नाही. मग तू बाजारात फडकं भिजवतेस कशात?”

एवढीशी काचेची ताटली, आणि तिनं चाळीस वर्षांचं लपवलेलं बाहेर काढलं होतं. पदर तोंडाला लावून सगुणाबाईनं सगळं सांगितलं. गडू, आंबील, धुवण. सांगताना मान वर झाली नाही.

संघप्रियाला आधी हसू आलं, मग तिनं मडक्याचं झाकण काढलं, तळाचं आंबवण बघितलं आणि ती मटकन खालीच बसली. “सासूपासूनचं आहे हे? आणि तिच्याकडं कुठून आलं?”

“तिच्या सासूकडून.”

“आज्जी गं!” एवढंच म्हणाली ती. तिनं मडक्यातलं, गडूतलं, फडक्यावरचं थोडं-थोडं कापसाच्या बोळ्यावर घेतलं, बाटल्यांत बंद केलं. “तपासल्याशिवाय पक्कं म्हणता येणार नाही. पण माझं मन सांगतंय, हेच आहे.” मग जरा वेळानं तिनं विचारलं, “पण घरून बाटली न्यायची, उष्टंच पाणी पुरवून वापरायचं, हे कशासाठी? बाजारात पाणी नव्हतं?”

“व्हतं की. ह्याच लिंबाखाली मोठा रांजण व्हता. दिनकररावाच्या बापाचा. आपल्याला वरून वतून मिळायचं, वंजळीत, तेबी दहा बार मागितल्यावर. नवी नवरी व्हते मी. एक दिवस कुणी देईना, घसा कोरडा पडला, म्या सरळ तांब्या बुडवला. रांजण रिकामा करून उपडा घातला त्याईनं. दोन बाजार सगळे तहानलेले, आन सगळे माझ्याकडं बगायले, जशी काय मीच पानी चोरलं. तवापासून घरचं पानी. मंग ते थेंब-थेंब पुरवायचं. नळ आला पुढं, पर हाताला सवय झाली ती झाली.”

संघप्रियाचं तोंड पांढरं पडलं. बराच वेळ ती ताटलीवरचं झाकण उगाच पुसत राहिली.

“मी कॉलेजात खरं तेच लिहीन,” शेवटी ती म्हणाली. “पण उद्या बाजारात फक्त एवढं सांगू, औषधाचं काही दिसत नाही, सालीवर नैसर्गिक खमीर आहे. हे खोटं नाही. गडूचं नाव काढायचं नाही. काढलंस तर तुझी पाटी कायमची उठेल, आज्जी.”

“न्हाई काढत,” सगुणाबाई म्हणाली. तिला कुठं हौस होती!

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली ही गर्दी. व्हिडिओ बघितलेले, ऐकलेले, सगळे हजर. दिनकरराव आले, पण त्यांचा ताव उतरला होता. निकिता घरी आली होती. त्यांच्या गल्लीतली आणखी पाच लेकरं तशीच आजारी पडली, त्यांनी मोसंबी हुंगलीही नव्हती. पाण्याची पाइप फुटून त्यात गटाराचं पाणी मिसळलं होतं म्हणे. पण भर बाजारात दिलेला शब्द मागं घेईल तो सरपंच कसला!

संघप्रियानं ताटली दाखवली, फळं दाखवली, रुमाल टाकून सीट धरायचं सांगितलं तशी माणसं हसली. दिनकररावांनी मान डोलावली. “बरं झालं पोरी. आमचा गैरसमज झाला. लेकराच्या काळजीनं माणूस बोलून जातो.” सगुणाबाईनं सुटकेचा श्वास टाकला. संपलं होतं सगळं. दिनकरराव तसेच गेले असते तर बरं झालं असतं, पण जाता जाता त्यांनी सहज विचारलं, “पर हे खमीर हिच्याच फळाला कसं काय? कुठून येतंय ते?”

संघप्रियानं मान खाली घातली. “झाडावरूनच येतं, काका.”

सगुणाबाईला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. जी पोरगी काल ताटली पुढं ठेवून ‘तू खोटं बोललीस’ म्हणाली, तीच आज माझ्यापायी खोटं बोलायली. एवढं शिकून, एवढं नाव काढून, पुन्हा मान खालीच!

“झाडावरून न्हाई,” सगुणाबाई मोठ्यानं म्हणाली. संघप्रियानं तिचा हात धरला, तो तिनं सोडवला. मागचा गडू उचलून सगळ्यांसमोर धरला. “हितून येतंय. मी ह्यातून आंबील पिते, तोंड लावून. मंग गडू खंगाळते आन त्या धुवणात फडकं भिजवून मोसंबी पुसते. चाळीस वर्सं झाली.”

दिनकररावांना एकेक आठवायला लागलं, आणि चेहऱ्याचा रंग उतरत गेला.

“आगं... माझ्या आईचा एकादशीचा उपास तुझ्या मोसंबीच्या रसावर सुटायचा! देवापुढं ठिवायचो आमी!”

“मंग? सुटला न्हाई का उपास? नव्वद वर्सं जगली की तुमची आई.”

“उष्टं... तुझं उष्टं खाऊ घातलंस गावाला?”

सगुणाबाईनं गडू खाली ठेवला नाही. “व्हय. घातलं. ह्याच लिंबाखाली रांजण व्हता, सरपंच. तुमी तवा मिसरूड फुटलेलं पोरगं व्हता, तिथं उभं व्हता. म्या तांब्या बुडवला म्हणून तुमच्या वडलानं तो उपडा घातला. हाय का ध्यानात? त्या दिवशी मला मुकाट्यानं तांब्याभर पानी भेटलं आसतं, तर गडूचं धुवण पुरवून वापरायची पाळीच आली नसती. तुमीच शिकवलं मला ते.”

दिनकररावांनी लिंबाच्या बुंध्याकडं बघितलं. रांजण ठेवायचा तो दगड अजून तिथंच होता. ते धोतराचा सोगा उचलून चालायला लागले, आणि त्यांच्यामागं गर्दीही पांगली.

औषधाचा डाग गेला. पण त्या दिवशी एक मोसंबी विकली गेली नाही. ओळखीच्या बायका लांबून वळसा घालून गेल्या. एक तर चालता चालता थुंकली. संघप्रिया रडायला लागली तशी सगुणाबाईनं तिला दुपारच्या एसटीनं परभणीला लावून दिलं. तिला स्वतःला रडू येत नव्हतं. नुसती सुन्न बसली होती, भरल्या पाटीपुढं. आता पुढच्या बाजाराला यायचं की नाही, एवढाच विचार डोक्यात फिरत होता.

कमलबाई सकाळपासून अवाक्षर बोलली नव्हती. ही एकच गोष्ट सगुणाबाईला सगळ्यात जास्त लागली होती. उन्हं कलली, कमलबाई पेरू आवरायला लागली. अर्ध्या पाटीवर डाग पडलेले, मऊ झालेले. दर बाजाराला तिचं असंच व्हायचं, निम्मा माल शेरडांना. तिनं एक पेरू चेपून बघितला, टाकला. दुसरा टाकला. मग इकडंतिकडं बघून आपलं कोरडं फडकं सगुणाबाईपुढं धरलं.

“सगुणे, ह्याला लाव की थोडं.”

“काय?”

“तेच. धुवण. पेरवाला चालतंय का बगू.”

सगुणाबाईला आपण काय ऐकलं ते कळेना. लोक थुंकून गेले त्या धुवणासाठी ही हात पुढं करायली? कमलबाई काही समाजसुधारक नव्हती, तिचे पेरू सडत होते, हे सगुणाबाईला दिसत होतं. तरीही तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि पाठोपाठ वीस वर्षांचा गिळलेला राग उफाळून वर आला.

गडूत आज सकाळची आंबील तशीच होती, तिला घोट गेला नव्हता. तिनं एक मोठा घोट घेतला आणि गडू कमलबाईपुढं धरला.

“फडकं मागनं. आदी पी.”

कमलबाईच्या ओठांवर ठरलेलं उत्तर आलं, ‘आत्ताच पिले बाई’, पण ते बाहेर पडलं नाही. समोरून बाजार उठायला लागला होता, माणसं ये-जा करत होती. तिनं गडू घेतला, सवयीनं उंच धरला, आणि वरून धार सोडायला मान मागं टाकली.

सगुणाबाईनं तिचं मनगट पकडलं.

“वरून न्हाई. तोंड लावून.”

कमलबाईचे डोळे भरले, भीतीनं की कशानं ते तिलाच ठाऊक. मग तिनं डोळे मिटले, गडू ओठांना लावला आणि घटाघटा तळापर्यंत प्याली. पदरानं तोंड पुसून म्हणाली, “आंबट हाय गं लय.”

सगुणाबाईला तेव्हा रडू फुटलं. रडत रडतच तिनं गडू मागं घेतला, बाटलीतलं पाणी ओतलं, गरागरा फिरवलं आणि कमलबाईचं फडकं त्यात बुडवलं. या वेळी पदराआड नाही, सगळ्यांना दिसेल असं. आता त्या धुवणात दोघींचं उष्टं होतं.